विश्लेषण : विमान इंजिनाचे पाते मुळाशीच का तुटते? ‘फ्रेटिंग’ म्हणजे काय?

विमानाच्या इंजिनातील टायटॅनियमची पाती पोलादाला तोडीस तोड असतात. तरीही एका सांध्यातील डोळ्यांना न दिसणारी हालचाल त्यांना तडा घालवू शकते. २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अपघाताने पात्याचे हे नाजूक ठिकाण जगापुढे आणले.

त्या दिवशी काय घडले?

१७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्ट एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान १४४ प्रवाशांना घेऊन न्यूयॉर्कहून डलासकडे निघाले होते. सुमारे ३२ हजार फुटांवर डाव्या इंजिनाच्या पंख्यातील २४ पात्यांपैकी एक पाते तुटले. त्याच्या धडकेने इंजिनाच्या आवरणाचे तुकडे झाले आणि त्यातला एक खिडकीजवळ आदळला. खिडकी निखळली, केबिनमधील हवेचा दाब झपाट्याने घटला आणि एका महिला प्रवाशाचा मृत्यू झाला. कॅप्टन टॅमी जो शुल्ट्स यांनी विमान फिलाडेल्फियात उतरवले. याच कंपनीच्या आणखी एका विमानात ऑगस्ट २०१६ मध्ये जवळपास असाच प्रकार घडला होता.

पाते नेमके कुठे तुटले?

पाते मधोमध नव्हे, तर मुळाशी तुटले. पंख्याच्या मध्यभागी एक चकती असते. तिच्या खाचांमध्ये पात्यांची मुळे सरकवून बसवतात. खाली रुंद आणि वर निमुळत्या अशा या मुळाला ‘डव्हटेल’ म्हणतात. इंजिन फिरू लागले की पाते बाहेर फेकले जाऊ पाहते आणि त्याचे मूळ खाचेच्या भिंतींवर प्रचंड दाबाने टेकते. इंजिन थांबले की दाब ओसरतो. उभ्या विमानाचा पंखा वाऱ्याने संथ फिरताना खटखट आवाज येतो, तो खाचेत सैल असलेल्या याच पात्यांचा.

मग ‘फ्रेटिंग’ म्हणजे काय?

घट्ट दाबलेले दोन पृष्ठभाग स्थिर दिसतात, पण कंपनांमुळे आणि दाब कमी-जास्त होताना ते काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉन एवढे एकमेकांवर सरकत राहतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या सूक्ष्म घासण्याला ‘फ्रेटिंग’ म्हणतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा धातूही वारंवारच्या ताणाने थकतो. हे थकणे आणि घासणे एकत्र आले की तडा लवकर पडतो. अशा वेळी धातूची थकवा सोसण्याची क्षमता निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकते.

विशेष म्हणजे मोठ्या हालचालीपेक्षा छोटी हालचाल जास्त घातक ठरू शकते. पृष्ठभाग भरपूर घासला तर नुकताच पडलेला बारीक तडाही झिजून जातो. हालचाल अगदी थोडी असेल, तर तडा तसाच राहतो आणि आत वाढत जातो.

टायटॅनियमलाच धोका अधिक का?

टायटॅनियम पोलादापेक्षा सुमारे ४० टक्के हलके असते आणि सहसा गंजत नाही. त्याचे कारण पृष्ठभागावर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पातळ थर. घासताना हा थर खरवडला जातो आणि खालचा उघडा धातू समोरच्या धातूला चिकटतो. पुढच्या हालचालीत तो तिथून उपटला जातो. शिवाय ऑक्साइडची कठीण भुकटी सांध्यातच अडकून पृष्ठभाग आणखी ओरखडते.

तपासात काय आढळले?

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या मते, नेहमीच्याच वापरात पात्याच्या मुळावर अपेक्षेपेक्षा जास्त ताण येत होता आणि तिथूनच थकव्याचा तडा सुरू झाला. लेप निघणे, वंगण नसताना वाढणारे घर्षण आणि मुळाच्या कडेवर येणारा भार अशा घटकांचा त्या ताणाशी संबंध जोडला गेला. या पात्याने ३२ हजारांहून अधिक उड्डाणे केली होती. २०१२ मधील देखभालीत चकाकणारा द्रव लावून त्याची तपासणी झाली होती. पण तेव्हा तडा त्या पद्धतीने बहुधा दिसण्याजोगाच नव्हता.

उपाय काय?

पात्याच्या मुळावर तांबे-निकेल-इंडियमचा मऊ लेप देतात आणि त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखे कोरडे वंगण लावतात. पृष्ठभागावर बारीक छऱ्यांचा मारा करून तो आतून दाबलेल्या अवस्थेत ठेवतात, म्हणजे तडा सहज उघडत नाही. हे वंगण झिजते, म्हणून पाती काढून ते ठरावीक काळाने पुन्हा लावावे लागते. अपघातानंतर श्राव्यातीत ध्वनी किंवा ‘एडी करंट’ तपासणी सक्तीची झाली. दर १,६०० उड्डाणांच्या आत ती पुन्हा करण्याचे बंधन आले.

भारताशी संबंध काय?

हेच ‘सीएफएम ५६-७बी’ इंजिन बोइंग ७३७ च्या त्या पिढीतील सर्व विमानांवर आहे. भारतीय कंपन्यांच्या ताफ्यातही ही विमाने आहेत. त्यामुळे पात्याच्या मुळाला वेळेवर वंगण लागले का आणि तपासणी झाली का, हा प्रश्न इथल्या प्रवाशाच्याही सुरक्षेचा आहे.