भाईच्या मिळकतीला बोली कोण लावणार?

डिसेंबर २०००मध्ये मुंबईत अंडरवर्ल्डचा फरार म्होरक्या दाऊद इब्राहिम याच्या जप्त मालमत्तांचा लिलाव पुकारला गेला आणि बोली लावायला एकही माणूस आला नाही. कागदावर मालक सरकार होतं, पण मुंबईच्या लेखी मालक अजून ‘भाई’च होता.

हे लिलाव ज्या कायद्याखाली होतात तो १९७६चा, आणीबाणीतला, बोलीभाषेत ‘साफेमा’. तस्कराची मिळकत काळ्या कमाईतली असल्याचा संशय आला की सक्षम प्राधिकारी नोटीस काढतो. पैसा सचोटीचा होता, हे मालकानेच सिद्ध करायचं. मिळकत आई, बहीण किंवा साथीदाराच्या नावावर असली तरी सुटत नाही, कारण तस्कर स्वतःच्या नावावर सहसा काही ठेवतच नाही. कायदा कडक आहे. तरी १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो वैध ठरवला. दाऊदची आई आणि बहीण हसीना पारकर यांच्या नावावरच्या मिळकतींचा वाद तर २०१८पर्यंत चालला.

जप्तीपेक्षा अवघड असतो तो ताबा. २००१मध्ये दिल्लीच्या एका वकिलाने नागपाड्यातल्या दोन गाळ्यांवर बोली लावली आणि मग ताब्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पण कोणीतरी पुढे आलं, हे फार मोलाचं होतं. नोव्हेंबर २०१७मध्ये पाकमोडिया स्ट्रीटची डांबरवाला इमारत, रौनक अफरोज हॉटेल आणि शबनम गेस्ट हाऊस मिळून ११ कोटी ५८ लाखांना गेले. घेणारा होता भेंडीबाजाराचा पुनर्विकास करणारा सैफी बुरहानी ट्रस्ट. जानेवारी २०२४मध्ये कोकणात, खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या दाऊदच्या कुटुंबाच्या जमिनीच्या एका तुकड्याची राखीव किंमत होती १५,४४० रुपये. बोली चढली २ कोटी १ लाखावर! त्याच दिवशी शेजारच्या दोन तुकड्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

आलेला पैसा केंद्र सरकारच्या तिजोरीत जातो आणि तिथे त्याचा माग संपतो.

इटलीने वेगळी वाट धरली. माफियांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा सुचवणारे खासदार पिओ ला तोरे यांना एप्रिल १९८२मध्ये पालेर्मोत गोळ्या घातल्या गेल्या; सप्टेंबरमध्ये माफियांविरुद्ध मोहीम चालवणारे जनरल दाल्ला किएझा मारले गेले, तेव्हा कुठे कायदा झाला. पुढे लुइजी चोत्ती या धर्मगुरूंच्या ‘लिबेरा’ संघटनेने सह्यांची मोहीम उभारली. १९९६च्या कायद्याने जप्त घरं-जमिनी समाजाच्या कामासाठी देण्याची सोय झाली. सिसिलीत आज सहकारी संस्था अशा जमिनींवर गहू आणि द्राक्षं पिकवतात. हजारो मिळकती तिथेही पडून आहेत, हे खरं. पण मिळालेल्या जमिनीचं काय झालं, ते गावकऱ्याला शेतात जाऊन पाहता येतं.

दाऊद ज्यांत मुख्य आरोपी आहे, त्या १९९३च्या स्फोटांत मुंबईने २५७ माणसं गमावली. या शहरालाही जप्त मिळकतींचा असा हिशेब मिळायलाच हवा. ज्या तुकड्याला बोलीच येत नाही, तो पुन्हापुन्हा लिलावात काढण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या हवाली करावा. कोकणातल्या गावाला रोपवाटिका, अभ्यासिका, दवाखाना, काहीही उपयोगी पडेल.