आपल्या खासदाराचे काम कसे जोखावे?

४ जून २०२४ रोजी वायव्य मुंबई मतदारसंघाची मतमोजणी संपली, तेव्हा रवींद्र वायकर यांच्या नावापुढे ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांच्या नावापुढे ४,५२,५९६ मते होती. फरक अवघ्या ४८ मतांचा. अंधेरी, वर्सोवा, जोगेश्वरी, गोरेगाव या परिसरातील कोणत्याही धर्मग्रामात रविवारच्या पहिल्या मिस्साला उशिरा येणारी मंडळी मोजली, तरी आकडा याहून मोठा भरेल! आपले मत इतके मोलाचे असेल, तर ज्याला ते दिले त्याने दिल्लीत त्याचे काय केले, हे पाहणे ओघानेच आले. मात्र ही नोंद वाचायची कशी, याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

पहिली अडचण अशी की लोकसभेतील बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष प्रश्न मांडतात, सदस्य ‘होय’ अथवा ‘नाही’ असा पुकारा करतात, आणि ज्या बाजूचा आवाज मोठा वाटेल तिच्या बाजूने निर्णय जाहीर होतो. अशा वेळी कोणत्या खासदाराने काय म्हटले, याची व्यक्तिगत नोंद राहत नाही. एखाद्या सदस्याने निर्णयाला हरकत घेतली तरच मतविभागणी होते. मग घंटा वाजते, दालने रिकामी करून दारे बंद होतात आणि सदस्य आपापल्या जागेवरील बटणे दाबतात. घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत लागते, म्हणून तेथे मतविभागणी अटळ असते. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले, हे आपण नेमके सांगू शकतो ते याचमुळे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडून मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने १५ दिवसांत त्याला क्षमा केली तरच तो वाचतो. पक्षांतराचा बाजार थांबावा हा त्यामागील हेतू होता. परिणाम मात्र असा झाला की खासदाराचे मत हे बव्हंशी पक्षाचेच मत ठरले. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले, तेव्हा उपनगरांचे प्रतिनिधित्व राम नाईक, मधुकर सरपोतदार आणि गुरुदास कामत करीत होते. भाजप आणि शिवसेना सरकारच्या बाजूने, काँग्रेस विरोधात. कोण कुठे उभा राहणार, हे मतदाराला आधीच ठाऊक होते.

आपल्या समाजाला याचा अनुभव अलीकडेच आला. केरळातील मुनंबम येथील कुटुंबांच्या जमिनीचा प्रश्न सुटावा म्हणून केरळच्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने वक्फ दुरुस्ती विधेयकाला पाठिंबा देण्याचे आवाहन खासदारांना केले होते. ३ एप्रिल २०२५ च्या पहाटे ते २८८ विरुद्ध २३२ मतांनी संमत झाले. विधेयकाच्या गुणदोषांविषयी आपल्यातही मतभेद आहेत. तो वाद येथे नको. परंतु प्रमुख पक्षांनी व्हिप काढले होते आणि मते पक्षांच्या रांगेतच पडली. अशा विषयावर खासदाराला गाठायचे, तर ते मतदानाच्या दिवशी नव्हे, त्याच्या पक्षाची भूमिका ठरण्यापूर्वी.

मग खासदाराचे स्वतःचे असे काय उरते? प्रश्न, चर्चेतील भाषणे आणि अशासकीय विधेयके. उत्तर मुंबईतून १९८९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले राम नाईक यांचे उदाहरण घ्यावे. त्या काळी वसईही या मतदारसंघात होती, म्हणून आपले अनेक वाचक त्यांचे मतदार होते. स्तनपानाला उत्तेजन मिळावे आणि बालकांच्या डब्यातील दुधाच्या जाहिरातींना आळा बसावा, यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक मांडले. पुढे शासनानेच १९९२ मध्ये तसा कायदा केला. १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक संसदेत संमत झालेले नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या मार्गाचे महत्त्व कळते. विधेयक हरते, विषय मात्र सरकारपर्यंत पोहोचतो.

हजेरी आणि प्रश्नांची संख्या वाचतानाही सावध असावे. मंत्री हजेरीपटावर सही करीत नाहीत आणि प्रश्न विचारीत नाहीत, तर उत्तरे देतात. २०२४ साली उत्तर मुंबईतून निवडून आलेले पीयूष गोयल केंद्रीय मंत्री झाले. त्यांच्या नावापुढे प्रश्नांचा रकाना रिकामा दिसला, तर तो आळस समजू नये.

आता स्थानिक कामांकडे वळू. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना २३ डिसेंबर १९९३ रोजी सुरू झाली. प्रारंभी प्रत्येकी ५ लाख रुपये मिळत. ही रक्कम पुढे १ कोटी, २ कोटी आणि २०११-१२ पासून वार्षिक ५ कोटी झाली. उत्तर मुंबईत सुमारे १८ लाख मतदार आहेत. म्हणजे दर मतदारामागे वर्षाला २८ रुपये! मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होते. खासदार केवळ कामाची शिफारस करतो. मंजुरी आणि खर्च प्रशासनाकडे असतो. आणखी एक गोष्ट धर्मग्राम समितीच्या सदस्यांनी ध्यानात ठेवावी: प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जमिनीवर हा निधी वापरता येत नाही. चर्चच्या आवाराची फरसबंदी मागणाऱ्या अर्जाला नकार आला, तर त्यात पक्षपात शोधू नये.

गटारे, पाणी, कचरा ही महापालिकेची कामे होत. तथापि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे दीर्घ काळ प्रशासकाचा कारभार राहिला, तेव्हा ही गाऱ्हाणी घेऊन लोक आमदार-खासदारांच्याच दारी गेले. खासदाराचे खरे क्षेत्र म्हणजे रेल्वे, विमानतळ, टपाल, पारपत्र, मिठागरे आणि समुद्रकिनारा. जोगेश्वरी व गोरेगाव यांच्या दरम्यानचे राम मंदिर स्थानक २२ डिसेंबर २०१६ रोजी सुरू झाले, तेव्हा उद्घाटनालाच शिवसेना आणि भाजपचे कार्यकर्ते श्रेयासाठी घोषणा देत होते. प्रवाशाला गाडी थांबल्याशी कारण!

गोराई, मनोरी, मढ, वर्सोवा येथील कोळीवाडे आणि गावठाणे यांच्यासाठी सर्वांत निर्णायक ठरली ती किनारपट्टी नियमनाची अधिसूचना, २०११ ची आणि त्यानंतर २०१९ ची. ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्रीय मंत्रालय काढते. त्यासाठी लोकसभेत मतदान घ्यावे लागत नाही. म्हणजे ज्या निर्णयाने आपल्या घराची दुरुस्ती अडते वा सुटते, तो खासदाराच्या मतदानाच्या नोंदीत सापडणारच नाही. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत खासदाराने मंत्रालयाला पत्र लिहिले का, सभागृहात प्रश्न विचारला का, हे पाहावे. प्रश्न आणि त्यांची उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याच्या नावाने शोधता येतात; पत्राची प्रत मात्र त्याच्या कार्यालयात जाऊन मागावी लागते.

ईशान्य मुंबईत, म्हणजे मुलुंड-घाटकोपरच्या बाजूला, आणखी एक पेच आहे. १९९६ पासून येथील मतदारांनी एकाही खासदाराला लागोपाठ दोनदा निवडून दिलेले नाही. महाजन, कामत, सोमय्या, पुन्हा कामत, संजय दिना पाटील, पुन्हा सोमय्या, कोटक आणि २०२४ मध्ये पुन्हा पाटील. येथे जुन्या खासदाराकडे दिलेला अर्ज नव्या कार्यालयात आपोआप जात नाही. त्याची पोच आणि आलेले उत्तर धर्मग्रामाच्या कार्यालयात जपून ठेवावे. पुढच्या खासदाराकडे तेच घेऊन जावे लागते.