सहाशेचा बाप, बारा हजारांचा मुलगा

आमच्या दुकानाच्या माळ्यावर जुन्या वह्यांचे एक गाठोडे आहे. वह्या वालिद साहेबांच्या हातच्या. नावे उर्दूत आणि रकमा इंग्रजी अंकांत, कारण आयकराच्या वकिलाला उर्दू येत नसे. गेल्या रमजान ईदच्या आधी हे गाठोडे मी खाली काढले. निमित्त साधे होते. दुकानात काम करणारा मुलगा संध्याकाळी गल्ल्याजवळ येऊन म्हणाला, "चाचा, बारा हजारांत भागत नाही. पंधरा करा."

मालकाच्या तोंडी जे उत्तर तयार असते तेच मी दिले. "तुझे अब्बा याच दुकानात सहाशे रुपयांवर होते. पाच लेकरे वाढवली त्यांनी."

"अब्बांनी सहाशेत प्लॉट घेतला," तो म्हणाला. "मी बारा हजारांत कुठे घेऊ, तुम्हीच सांगा."

त्या वेळी मी गप्प बसलो. रात्री वह्या उघडल्या.

1991 साली त्याच्या वडिलांचा पगार महिना सहाशे होता, हे खरे. त्याच वर्षी मी बारावी आटोपून गल्ल्यावर बसू लागलो. आज मुलाला बारा हजार मिळतात, म्हणजे वीसपट. आकडा पाहून कुणीही म्हणेल की मुलगा सुखात आहे. पण व्यापाऱ्याला रुपया मोजून चालत नाही, रुपयात काय येते ते मोजावे लागते.

आधी आमच्याच मालाने मोजू. 1991 च्या वहीत साधे शर्टिंग चाळीस रुपये मीटर आहे. सहाशेत पंधरा मीटर. आज त्या जातीचे कापड दीडशेला मिळते, म्हणजे बारा हजारांत ऐंशी मीटर. कापडाच्या हिशेबाने मुलगा बापापेक्षा पाचपट श्रीमंत झाला. ईदला एक जोडा शिवायचा आणि तोच वर्षभर लग्नकार्याला जपून ठेवायचा, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. आज हातगाडीवाल्याच्या पोराकडेही चार पँटी असतात. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या बसल्या आणि मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांना वाव मिळाला. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली. मग सुरतेचा माल असा आला की सुती कापड मागणारे गिऱ्हाईक बोटावर मोजण्याइतके उरले. अल्लाहच्या कृपेने गरिबाचे अंग झाकले गेले. आमचा मीटरमागचा नफा मात्र चिमूटभर राहिला, ही गोष्ट वेगळी.

ज्वारीने मोजले तरी मुलगा पुढेच आहे. तेव्हा तीन रुपये किलो, आज पस्तीसच्या आसपास. बापाच्या पगारात दोनशे किलो येत असे, मुलाच्या पगारात साडेतीनशेच्या जवळ येते. 1972 च्या दुष्काळात आमच्या भागातल्या लोकांनी खडी फोडली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि सुखडी खाल्ली. 2012-13 चा दुष्काळही जालन्याने भोगला. घागरीसाठी टँकरमागे धावणारे लोक याच डोळ्यांनी पाहिले, पण धान्यासाठी कुणी गाव सोडल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. ही प्रगती नाकारणे म्हणजे नाशुक्री ठरेल.

आता सोन्याने मोजू. "जालना, सोने का पालना" ही म्हण आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. 1991 मध्ये दहा ग्रॅम सोने साडेतीन हजारांच्या आत होते. बापाच्या पगारात पावणेदोन ग्रॅम येत असे. 2025 मध्ये तोळा लाखाच्या वर गेला, म्हणजे मुलाच्या पगारात सव्वा ग्रॅमही येत नाही. ही गोष्ट फक्त दुकानातल्या नोकरांची नाही. रोजगार हमीचा सरकारी दर घ्या. महाराष्ट्रात 2012-13 मध्ये रोज 145 रुपये होता, 2025-26 मध्ये 312 झाला. दुपटीपेक्षा थोडा जास्त. त्याच काळात सोने तिपटीच्या पुढे गेले. गरीब बाप मुलीच्या लग्नाची तयारी सोन्यानेच करतो, म्हणून हा हिशेब त्याच्या घरात रोज होतो.

आणि आता प्लॉट. 1993 च्या वहीत त्याच्या वडिलांच्या नावे चार हजारांची उचल लिहिलेली आहे. वीस बाय तीसचा प्लॉट त्यांनी नऊ हजारांना घेतला. नवा जालना तेव्हा तिथवर पोहोचलाच नव्हता, सभोवार बाभळी होत्या. दरमहा शंभर रुपये कापून चाळीस महिन्यांत उचल फिटली. नऊ हजार म्हणजे त्यांचे पंधरा महिन्यांचे पगार. आज त्याच गल्लीत बाराशे रुपये फुटाचा भाव आहे, सहाशे फुटांचे सात लाख वीस हजार. मुलाचे साठ महिन्यांचे पगार, तेही पाच वर्षे त्याने एक घासही खाल्ला नाही तर. बापाच्या त्या दोन खोल्यांत आज तीन भाऊ आपापल्या बायकामुलांसह राहतात.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली, जी पगाराच्या रकान्यात नव्हती. "ईदचा जोडा." "बिमारी खर्च, माफ." "शाळेचे कापड." दुपारचे जेवण आमच्या घरून येत असे, ते तर लिहिलेलेही नाही. सहाशे हा पूर्ण पगार नव्हताच. मी मोठा झालो, दुकान वाढले, नोकर दोनाचे सात झाले, आणि या सर्व गोष्टी मी एकेक करून बंद केल्या. हिशेब स्वच्छ हवा, असे तेव्हा वाटले. आज तो मुलगा डबा घरून आणतो. शाळा तेव्हा उर्दू माध्यमाची होती आणि फुकट होती, मी तिथेच शिकलो. आज तो मुलीला इंग्रजी शाळेत घालून वर्षाला वीस हजार भरतो. त्याला दोष कसा देऊ? मी स्वतः माझ्या मुलांना उर्दू शाळेत घातले नाही.

तरुणांना कोणी म्हणेल की लोखंडाच्या कारखान्यात जा. जालन्याच्या सळईला दूरदूरच्या बाजारात मागणी आहे. परंतु भट्टीवरचे काम करणारे बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून येतात, तेही ठेकेदारामार्फत. टाळेबंदीत 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मेले, ते जालन्याच्याच पोलाद कारखान्यात काम करणारे होते. मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळची गाडी गाठायला पायी निघाले होते. त्या दिवसानंतर आमच्या मोहल्ल्यातल्या आयांनी मुलांना कारखान्याचे नाव काढू दिले नाही. बियाण्यांचे तसे नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको काढली आणि जालना बियाण्यांचे गाव झाले. या धंद्यात ज्यांना कायम नोकरी आणि फंड मिळाला, त्यांची मुले शिकून पुण्याला गेली. त्यांच्यात आणि दुकान-हातगाडीवाल्यांच्या मुलांत मोठे अंतर पडले. 2006 च्या सच्चर समितीने देशभर हेच पाहिले होते की मुसलमान स्वतःच्या लहान धंद्यात जास्त आणि पगारी नोकरीत कमी आहेत.

व्यापारी बंधू म्हणतील, पगार वाढवायला पैसा कुठून आणू? तक्रार खोटी नाही. 1 जुलै 2017 पासून कापडावर पाच टक्के जीएसटी आला, रेडीमेडने शिलाई बसवली, आणि आता मोबाइलवरून घरपोच कपडे येतात. तीन नोकर कमी करावेत असे मलाही दर दिवाळीनंतर वाटते. पण त्या रात्री मी माझ्या घरखर्चाचाही हिशेब मांडला. 1991 साली वालिद साहेबांचा घरखर्च नोकराच्या पगाराच्या चौपट होता. माझा आज साडेसातपट आहे. हा आकडा मी बेगमला दाखवला. ती म्हणाली, "मग त्याला पंधरा द्या."

पंधरा देणे जमले नाही. चौदा केले, आणि सातही जणांचे दुपारचे जेवण पुन्हा घरून सुरू केले. त्या मुलाला प्लॉटसाठी लाखभर उचल द्यायचीही तयारी दाखवली, दरमहा दोन हजार कापून. चार दिवसांनी तो जागा पाहून आला.

"काय झाले?" मी विचारले.

"चाचा, सात वीस नाही, आता आठ लाख सांगतात."