ध्यानाने स्मरणशक्ती वाढते का?

प्रवरेकाठी नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या सहाव्या अध्यायात ध्यानाची जागा कशी असावी, आसन कसे असावे याचे बारकाईने वर्णन आहे. तेव्हा या तालुक्यातील शिक्षकांनी आम्हांला ध्यानाविषयी विचारावे यात नवल नाही. मात्र त्यांचे प्रश्न मोक्षाचे नव्हते. परिपाठानंतर मुलांना दहा मिनिटे डोळे मिटून बसवले तर त्यांची स्मरणशक्ती खरोखर वाढते का? पालकांना तसे सांगावे का? एका बाईंनी विचारले, सासूबाई हल्ली विसरतात, त्यांना ध्यान शिकवले तर विसरणे थांबेल का?

प्रयोगशाळेत योग आणण्याचे काम आपल्याकडे लवकर सुरू झाले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. क्ष-किरण आणि दाबमापक वापरून योगक्रिया तपासाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये, हा त्यांचा आग्रह. मेंदूची पाळी पुढे आली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना व बलदेव सिंग यांचा योग्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींवरचा निबंध 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसले की मेंदूत सेकंदाला 8 ते 13 अशा संथ ‘अल्फा’ लहरी उठतात. मोठा आवाज झाला किंवा प्रखर उजेड पडला की त्या मोडतात. ध्यानस्थ योग्यांमध्ये मात्र आवाज, उजेड, गरम काचनळीचा स्पर्श यांपैकी कशानेही त्या मोडल्या नाहीत. दोन योग्यांनी तर 4 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 45 ते 55 मिनिटे हात ठेवला, तरी लहरी तशाच राहिल्या!

यावरून ध्यानस्थिती ही नुसती बसण्याहून वेगळी दिसते. पण स्मरणशक्ती वाढते असे यातून निघते का? मुळीच नाही. शिवाय एक शंका उरतेच. तालमीतली पोरे धडधाकट दिसतात. ती तालमीमुळे तशी झाली, की मुळात धडधाकट होती म्हणून तालमीत टिकली? ज्यांचे मन आधीच स्थिर, तेच वर्षानुवर्षे ध्यानाला बसत असतील.

या विषयावरच्या बातम्या वाचताना ही शंका जवळ बाळगावी. 2005 मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या संशोधकांनी 20 ध्यान करणारे आणि 15 न करणारे यांची तुलना केली. पहिल्यांच्या मेंदूच्या बाह्यपटलाचे काही भाग जाड आढळले. 2011 मध्ये तेथीलच दुसऱ्या अभ्यासात आठ आठवड्यांच्या शिक्षणानंतर 16 जणांच्या मेंदूतील, स्मृतीशी संबंधित भागासह काही भागांत, करडे द्रव्य वाढलेले दिसले. पण तुलनेसाठी घेतलेले 17 जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. 2022 मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाने 218 जणांवर चिठ्ठ्या टाकून हीच तपासणी केली. एका गटाला ध्यान, दुसऱ्याला व्यायाम-आहार-संगीत यांचे तितक्याच वेळाचे वर्ग, तिसऱ्याला काहीच नाही. मेंदूच्या रचनेत फरक आढळला नाही.

आमच्या मते दुसरा गट हा या प्रयोगाचा प्राण आहे. वर्गात नवे, उत्साही गुरुजी आले की पहिले पंधरा दिवस मुले आपोआप सुधारतात. कोणी लक्ष देते, सोबत मिळते, आशा वाटते, यानेही माणसाला बरे वाटते. हा लाभ ध्यानाच्या खात्यात जमा होऊ नये म्हणून तो गट लागतो. आणखी एक बाब: तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की सरावानेच गुण वाढतात.

सासूबाईंच्या प्रश्नाचेही उत्तर यातच आहे. विसराळूपणाची तक्रार असलेल्या 65 ते 84 वयाच्या 585 जणांवरील अमेरिकन प्रयोग 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. ध्यान, व्यायाम, दोन्ही मिळून, किंवा केवळ आरोग्यशिक्षण असे गट होते. सहा महिन्यांनी स्मरणशक्तीत ध्यानाच्या वा व्यायामाच्या गटाची सरशी झाली नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे. जीवनसत्त्व ब12 ची कमतरता किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही विसरायला होते, आणि त्यावर उपचार आहेत.

मग ध्यान निरुपयोगी? तसेही नाही. 2014 मध्ये 47 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, उदासी आणि वेदना यांत माफक लाभ दिसला. अवधान वाढते असे म्हणण्यास पुरेसा पुरावा मिळाला नाही.

शाळांपुरते बोलायचे तर आपल्या राज्यात ‘मित्र उपक्रमा’त अनेक शाळांनी श्वासाकडे लक्ष देण्याची आनापान साधना सुरू केली. इंग्लंडसह ब्रिटनमधील 80 हून अधिक शाळांत, सुमारे 8,000 मुलांवर मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष 2022 मध्ये आले. सजगतेचे पाठ शिकलेल्या मुलांचे मानसिक आरोग्य नेहमीचे पाठ घेतलेल्या मुलांहून सरस ठरले नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता! गंमत म्हणजे शिकवणाऱ्या शिक्षकांचा शीण मात्र काही काळ कमी झाला.

पालकांना एवढे सांगता येईल की मुले दहा मिनिटे शांत बसतात, काहींना बरे वाटते; गुण वाढण्याची हमी देऊ नये. डोळे मिटायला ज्या मुलाला भीती वाटते त्याला सक्ती करू नये.

वाटल्यास वर्गात तपासूनही पाहता येईल. कागदावर अंकांच्या ओळी छापून तीन मिनिटांत सर्व 7 खोडायला सांगावे. मग चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग करावेत. महिनाभर एकाने ध्यान करावे, दुसऱ्याने तेवढाच वेळ गोष्टीचे पुस्तक वाचावे. महिन्याने नव्या ओळींवर पुन्हा चाचणी घ्यावी. कागदांवर नावाऐवजी क्रमांक घालावेत आणि तपासणारे शिक्षक दुसऱ्या वर्गाचे असावेत, म्हणजे कोणता कागद कोणत्या गटाचा हे त्यांना कळणार नाही.