आकड्यांचा राखणदार

माण किंवा जत तालुक्यातील एखाद्या गुरुजींनी गावचा पाऊस वर्षानुवर्षे वहीत टिपला आहे, असे समजा. एका पानावर नुसतेच लिहिले आहे, '२०'. वीस काय? वीस मिलिमीटर म्हणजे एक बरी सर. वीस इंच म्हणजे सुमारे ५०८ मिलिमीटर, त्या बाजूचा जवळजवळ वर्षाचा पाऊस! गुरुजींना ते ठाऊक होते. पण पुढे ती वही उघडणाऱ्याने काय समजावे?

संशोधनासाठी जमवलेल्या अशा कच्च्या नोंदींना आज 'डेटा' किंवा विदा म्हणतात. त्या सांभाळणारा डेटा लायब्ररियन, म्हणजे विदा-ग्रंथपाल, जगातील अनेक विद्यापीठांत आता काम करू लागला आहे.

त्याची गरज काय? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवा. कोयनानगर हादरले. त्या भूकंपाचे माप कोठे ६.३, तर कोठे ६.५ दिलेले आढळते. मग यातले एक खोटे का? तसे नव्हे. मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. म्हणून आकड्याशेजारी रीतही लिहिलेली हवी. जलाशयाचे पाणी आणि धक्के यांचा संबंध शास्त्रज्ञांना तपासता आला, तोही दोन्हींच्या नोंदी तारखेनिशी होत्या म्हणूनच.

पूर्वी पुस्तक छापून आले, की ग्रंथपालाचे काम सुरू होई. विदा-ग्रंथपाल मात्र संशोधनाच्या आरंभीच विचारतो : कोण मोजणार? कोठे? कोणत्या यंत्राने? शेतकऱ्याने विश्वासाने कर्जाचा आकडा सांगितला, तर त्याचे नाव कसे झाकणार? आजची फाइल वीस वर्षांनी उघडेल ना?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात ठेवले जाऊ लागले. शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही तेथे वाचायला मिळतात. पण प्रबंध हा शिजलेला भात झाला. तांदूळ कोणता, हे पाहायचे तर मूळ वह्या लागतात, आणि त्या पुष्कळदा माळ्यावरच पडून राहतात.

तेव्हा गुरुजनहो, शाळेत पाऊस मोजत असाल, तर रोज सकाळी साडेआठलाच मोजा. आणि वहीच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा : एकक, वेळ, पर्जन्यमापकाची जागा आणि मोजणाऱ्याचे नाव. एवढे केलेत, तर तुमच्या मागेही ती वही बोलत राहील.