शेतकऱ्यांच्या शिक्षकांचा शिक्षक

आपल्या स्वयंपाकघरात अग्नीला मोठा मान आहे. भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, कोणाच्या हाताने खुडली गेली, कसल्या पाटीतून मंडईत आली याची चौकशी आपण सहसा करीत नाही. कढईत पडल्यावर तिच्यातले दोष जळून जातात ही आपली समजूत असते, आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, आंबा, खरबूज या वस्तूंची अग्नीशी गाठच पडत नाही. त्या झाडावरून किंवा वेलावरून निघतात आणि तोंडात जातात. त्यांच्या बाबतीत जी काळजी घ्यायची ती शेतात आणि खळ्यावरच घेतली गेली पाहिजे. ती काळजी शेतकऱ्याला कोणी शिकवावी, आणि शिकवणाऱ्याला कोणी तयार करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. या प्रश्नाला अलीकडे अमेरिकेने एक पद्धतशीर उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. म्हणून उदाहरणे तिकडचीच घेतो.

2006 साली कॅलिफोर्नियात पिकलेल्या पालकाच्या कच्च्या पानांमधून एक घातक आतड्याचा जंतू पसरला. सुमारे दोनशे माणसे आजारी पडली व तिघांचा मृत्यू झाला. तपास करणाऱ्यांना त्या परिसरातील गुरांच्या आणि रानडुकरांच्या विष्ठेत तोच जंतू आढळला. त्यानंतर 2011 साली कोलोरॅडो राज्यातील एका शेतावरच्या खरबुजांमुळे लिस्टेरिया नावाच्या जंतूची साथ आली. 28 राज्यांत 147 माणसे आजारी पडली आणि 33 दगावली. तेथे काय चुकले होते? खरबुजे धुण्यासाठी जे यंत्र आणले होते, ते पूर्वी बटाटे धुण्याच्या कामी वापरलेले होते, आणि त्याचे सांधेकोपरे नीट स्वच्छ करता येत नव्हते. जमिनीवर पाणी साचत होते. शेतातून आलेली गरम फळे आधी निववून न घेताच शीतगृहात ठेवली जात होती. लिस्टेरियाचा विशेष असा की, इतर जंतू ज्या थंडीत स्तब्ध होतात, त्या थंडीतही तो वाढतो. बटाट्यांना ते यंत्र चालून गेले, कारण बटाटा शेवटी चुलीवर जातो. खरबूज जात नाही.

या प्रकरणातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ज्या जुलै महिन्यात साथीचा आरंभ झाला, त्याच महिन्यात एका खाजगी तपासनीसाने या शेताची पाहणी करून त्याला 100 पैकी 96 गुण दिले होते. म्हणजे तपासणी झाली होती, कागद तयार होता, शेराही उत्तम होता. तपासनिसाच्या हाती प्रश्नांची यादी होती. समोरचे यंत्र खरबुजांना योग्य आहे काय, एवढा एक विचार मात्र त्या गुणांत कोठे उमटला नाही.

त्याच वर्षी, 4 जानेवारी 2011 रोजी, अमेरिकेत अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला होता. त्याला धरून 2015 च्या नोव्हेंबरात फळभाज्यांसंबंधीचे नियम प्रसिद्ध झाले. बहुधा शिजवूनच खाल्ले जाणारे बटाटे, वांगी, भेंडी, भोपळे हे त्यांतून वगळलेले आहेत. अगदी लहान उत्पन्नाच्या शेतांनाही सूट आहे. बाकीच्यांवर जी बंधने आली, त्यांतले एक असे : प्रत्येक शेतावर निदान एका जबाबदार माणसाने मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या तोडीचे शिक्षण घेतलेले असावे.

हे वाक्य कायद्यात लिहायला सोपे. पण असे शेतकरी हजारोंनी होते, आणि त्यांना शिकवू शकतील अशी माणसे मोजकीच. या कामाची तयारी 2010 पासूनच सुरू झाली होती. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात सरकारच्या अन्न व शेती या दोन्ही खात्यांच्या सहकार्याने 'प्रोड्यूस सेफ्टी अलायन्स' या नावाची संस्था उभी राहिली आणि तिने एक सामाईक अभ्यासक्रम रचला. त्याचे भाग सात : विषयाची ओळख, कामकऱ्यांचे आरोग्य, स्वच्छता व शिक्षण, खते, वन्य व पाळीव प्राणी आणि भोवतालची जमीन, शेतीचे पाणी, काढणीनंतरची हाताळणी, आणि शेवटी आपल्या शेतापुरती लेखी योजना कशी करावी. शेतकऱ्याला हे सारे एका दिवसात, सुमारे सात तासांत, शिकवले जाते.

शिकवणाऱ्यांच्या पायऱ्या मात्र अधिक आहेत. पहिली पायरी प्रशिक्षकाची. सुमारे दोन दिवसांचा वेगळा वर्ग पुरा केला की ती चढता येते. परंतु असा प्रशिक्षक एकट्याने वर्ग चालवू शकत नाही. त्याच्याबरोबर प्रमुख प्रशिक्षक असावा लागतो. ही दुसरी पायरी नुसत्या हजेरीने मिळत नाही. तीसाठी अर्ज करावा लागतो, आणि विषयाचे ज्ञान, शेतकऱ्यांत वावरल्याचा अनुभव व प्रौढांना शिकवण्याची हातोटी यांची परीक्षा होते. तिसरी पायरी या प्रमुख प्रशिक्षकांतूनच पुढे येणाऱ्या माणसांची. प्रशिक्षकांचा वर्ग चालवण्याचा, म्हणजे शिक्षकांना शिकवण्याचा, अधिकार तिथे मिळतो. 'पी हळद आणि हो गोरी' असा हा मामला नाही.

एवढ्या पायऱ्यांचे प्रयोजन काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सात तासांचे शिक्षण. त्यासाठी पुस्तक तयार, चित्रे तयार. कोणीही वाचून दाखवावे! पण एका आंब्याची हकीकत ऐकली म्हणजे या शंकेचे निरसन होईल.

1999 च्या डिसेंबरात अमेरिकेतील 13 राज्यांत साल्मोनेला जंतूची साथ आली. 78 रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतील दोघे मरण पावले. माग काढता काढता तो ब्राझीलमधील एका आंब्याच्या बागेपर्यंत गेला. तेथील आंबे अमेरिकेत पाठवण्यापूर्वी फळमाशीच्या अळ्या मराव्यात म्हणून गरम पाण्यात ठेवत, आणि मग निवण्यासाठी थंड पाण्याच्या हौदात सोडत. गरम फळाच्या आतली हवा प्रसरण पावलेली असते. फळ एकदम थंड पाण्यात पडले की ती आकुंचन पावते आणि देठाच्या जागेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्या पाण्यात जंतू असतील तर तेही आत जातात. मग साल कितीही घासून धुतली तरी उपयोग नाही. त्याच बागेतले आंबे युरोपातही जात होते. तेथे हा गरम पाण्याचा उपचार होत नसे, आणि तेथे साथही आली नाही.

आता एका प्रशिक्षकाने शेतकऱ्यांना नुसते सांगितले, "गरम फळ थंड पाण्यात टाकू नका." समोरचा शेतकरी तीस वर्षे हेच करीत आला आहे. तो विचारील : का? पाणी स्वच्छ असले तर? फरक किती अंशांचा चालेल? आमच्याकडे टोमॅटो असेच धुतात, त्यांचे काय? पाठ केलेल्या वाक्यात या प्रश्नांची उत्तरे नाहीत. हवेचे आकुंचन ज्याला समजले आहे तो चारही उत्तरे देऊ शकेल आणि पाचव्या, अनपेक्षित प्रश्नालाही भिणार नाही.

आणि प्रशिक्षकांच्या शिक्षकाचे काम आणखी निराळे आहे. आंब्यात पाणी कसे शिरते हे त्याला ठाऊक असलेच पाहिजे. पण समोर उभा असलेला उमेदवार ते समजून बोलतो आहे की वाचलेले म्हणून दाखवतो आहे, हे त्याला ओळखता आले पाहिजे. उमेदवार एखाद्या प्रश्नाला बगल देतो आहे काय. ठाऊक नसेल तेथे "चौकशी करून सांगतो" असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्याच्यापाशी आहे काय. शेतकऱ्याला तो विद्यार्थी समजतो की आपल्या धंद्यात मुरलेला जाणता माणूस समजतो? नियमाप्रमाणे शेतमजुरांनाही समजेल अशा रीतीने शिकवावे लागते. अमेरिकेतील पुष्कळ मजूर स्पॅनिश बोलणारे असल्याने हे साहित्य त्या भाषेतही केलेले आहे. वर्गात उत्तम इंग्रजी बोलून शेवटच्या रांगेतील माणूस कोराच राहिला, तर त्या शिक्षणाचा पिकाला काही उपयोग नाही. कारण फळ खुडणारे हात त्याचे असतात.

या पायऱ्यांत एक धोकाही आहे. तोंडोतोंडी जाणारी गोष्ट वाटेत थोडी थोडी झिजते. विद्यापीठातील शास्त्रज्ञाकडून प्रशिक्षकांच्या शिक्षकाकडे, त्याच्याकडून प्रशिक्षकाकडे, प्रशिक्षकाकडून शेतकऱ्याकडे आणि शेतकऱ्याकडून मजुराकडे असा हा पाट वाहतो. वर जराशी गळती झाली तर शेवटच्या वाफ्याला ओल पोचत नाही. वरच्या माणसाची एक चूकही शेकडो शेतांत पोचते. म्हणून परीक्षा वरच्या पायरीवर अधिक कडक हवी.

शिवाय ज्ञान बदलत राहते. 2015 च्या नियमांत पेरणीनंतर पिकाला देण्याच्या पाण्यासाठी आकडे ठरवून दिले होते : 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठादर्शक जंतूंची संख्या एका विशिष्ट सरासरीने 126 पेक्षा जास्त नसावी, इत्यादी. 2018 साली अॅरिझोनातील युमा भागातील कोशिंबिरीच्या पानांमुळे साथ आली. 210 माणसे आजारी पडली, पाच मृत्युमुखी पडली. त्या साथीचा जंतू तेथील कालव्याच्या पाण्यात सापडला, आणि कालव्याच्या एका भागाशेजारी गुरांचा प्रचंड गोठा होता. पुढे मे 2024 मध्ये पाण्याचा हा नियमच बदलण्यात आला. मोडांच्या धान्याखेरीज इतर पिकांसाठी आकड्यांवरची सारी भिस्त काढून, पाणी कोठून येते, वाटेत कशाजवळून जाते, पानांवर पडते की मुळाशी, शेजारच्या जमिनीत काय चालते, याचा दरवर्षी लेखी विचार करण्यास शेतकऱ्याला सांगितले आहे. ज्या प्रशिक्षकाने 126 हा आकडा तेवढा पाठ केला होता, त्याच्या हातातले सारेच गेले. कालव्याकाठाने चालत जाऊन पाहण्याची सवय ज्याने लावून घेतली होती, त्याला नवा नियम जुन्या ओळखीचा वाटला असेल. अशा वेळी जुने शिकवलेले मागे घेऊन नवे शिकवणे हेही शिक्षकांच्या शिक्षकाचेच काम आहे.

हा सारा विषय सातासमुद्रापलीकडचा वाटेल, पण तो तितका दूर नाही. 2007 पासून आपला आंबा अमेरिकेत जाऊ लागला. त्यासाठी नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथील केंद्रात त्यावर किरणांची प्रक्रिया करण्याची सोय झाली. ती प्रक्रिया कीड परदेशी जाऊ नये म्हणून आहे. आंबा काढणाऱ्याचे हात, तो धुण्याचे पाणी आणि तो ठेवण्याचे क्रेट यांची काळजी तिच्यामुळे संपत नाही. अमेरिकेच्या या नियमांत आंबा मोडतो, आणि तेथे माल पाठवणाऱ्या परदेशी बागांनाही ते लागू आहेत. तेव्हा कोकणातल्या एखाद्या बागाईतदारालाही कोणीतरी मराठीतून, त्याच्या आमराईत उभे राहून, हे समजावून द्यावे लागणार. आणि तो बागाईतदार "का?" असे विचारणार, हे निश्चित समजावे.

आपण शहरातली माणसे या साखळीच्या अगदी शेवटी बसलेलो आहोत. फळ हातात घेऊन त्यातला जंतू आपल्याला दिसत नाही, आणि 96 गुणांचा कागदही आपल्याला तो दाखवत नाही. आपली भिस्त शेवटी एका मजुरावर आहे, ज्याला कोणीतरी हात धुण्याचे कारण पटवून दिले, आणि त्या पटवून देणाऱ्यावर आहे, ज्याला कोणीतरी आधी नीट पारखून घेतले. अन्नावर आपण जो खर्च करतो, त्यातला थोडा या पारखणाऱ्यांच्या तयारीवर व्हावा, अशी मागणी शेतकऱ्यांच्या आधी ग्राहकांनीच करावयास हवी.