चौकची खारी हवा आणि वडिलांची मोटारसायकल

भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत रस्ता उत्तनकडे जातो, तसा हवेतील खारटपणा वाढत जातो. मिठागरांच्या आणि खाडीच्या या प्रदेशाच्या टोकाला चौक हे गाव आहे. तेथील टेकडीवर धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. १७३७ ते १७३९ या काळातील मराठ्यांच्या वसई मोहिमेत या टेकडीला मोठे महत्त्व होते. आज मात्र येथे राहणाऱ्या, येथे दुकान किंवा गोदाम असणाऱ्या माणसाला रोजचा सामना करावा लागतो तो गंजाशी. खिडकीचे गज, शटरची पट्टी, कुलपाची कडी या सर्वांवर खारी हवा आपले काम मुकाट्याने करीत असते. घरासमोर उभी असलेली जुनी मोटारसायकलही त्यातून सुटत नाही.

भाईंदर परिसरातील कितीतरी व्यापारी घरांत अशी एखादी गाडी अजून जपलेली असते. कोठे राजदूत किंवा येझदी, कोठे १९८५ साली भारतात आलेली हिरो होंडा सीडी १०० अथवा यामाहा आरएक्स १००. याच गाडीवरून वडिलांनी स्टीलच्या भांड्यांचे नमुने दुकानोदुकानी नेलेले असतात, उधारीची वसुली केलेली असते, मुलाला पहिल्यांदा शाळेत सोडलेले असते. म्हणून ती विकावी असे कोणाला वाटत नाही आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष द्यावे असेही कोणाला सुचत नाही. एके दिवशी तिचा आवाज फाटतो, धुराचा वास घरात येऊ लागतो आणि मग घरात चर्चा सुरू होते की दुरुस्त करावी की भंगारात द्यावी.

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी रोग कोठे आहे हे समजून घेणे आवश्यक आहे. इंजिनातून निघालेला तप्त वायू प्रथम वाकवलेल्या नळीत, म्हणजे बेंड पाइपमध्ये येतो आणि तेथून सायलेन्सरमध्ये शिरतो. सायलेन्सरच्या आतील कप्पे आणि सच्छिद्र नळ्या त्याचा वेग व आवाज कमी करतात. जुन्या गाड्यांत हा सारा भाग साध्या लोखंडी पत्र्याचा असून त्यावर क्रोमचा पातळ मुलामा असतो. मुलाम्याला बारीक भेग पडली की खारी हवा आत शिरते आणि पत्रा बाहेरून पोखरू लागतो.

परंतु अधिक मोठा शत्रू आत असतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. गाडी दूर पल्ल्याला गेली तर सायलेन्सर पूर्ण तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. घरापासून दुकानापर्यंतच्या एक-दोन किलोमीटरच्या फेरीत मात्र तो पुरेसा तापतच नाही. वाफेचे पाणी होते, धुरातील आम्ल त्यात मिसळते आणि ते तळाशी साचून राहते. बाहेरून चकचकीत दिसणारा सायलेन्सर खालच्या बाजूने अचानक फुटतो तो यामुळे. व्यापाऱ्याच्या गाडीला हा विकार अधिक होतो, कारण तिचे धावणे बहुधा असेच तुटक असते. आठवड्यातून एकदा तिला निदान अर्धा तास सलग चालवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. अनेक सायलेन्सरच्या तळाशी पाणी गळण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. ते कचऱ्याने बुजू देऊ नये आणि वेल्डिंग करणाऱ्यालाही ते बुजवू देऊ नये.

फुटलेला सायलेन्सर ही केवळ आवाजाची गैरसोय नव्हे. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. सकाळी शटर अर्धे खाली असताना दुकानातच गाडी सुरू करून तापवत ठेवणे, पावसाळ्यात बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून दुरुस्ती पाहणे, या सवयी सायलेन्सर शाबूत असतानाही धोक्याच्या आहेत. बेंड पाइपच्या सांध्यातून गळती असेल तर धूर थेट चालवणाऱ्याच्या पायाशी आणि नाकाशी येतो. डोके जड होणे, मळमळणे, सुस्ती येणे ही लक्षणे दिसताच इंजिन बंद करून मोकळ्या हवेत जावे. घरातील लहान मुले गाडीभोवती खेळतात. सैल झालेले सायलेन्सरचे संरक्षक कव्हर किती पोटऱ्या भाजवते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. गाडी थंड असताना सांध्यांकडे पाहावे. जेथून धूर निसटतो तेथे काजळीची काळी रेघ उमटलेली असते. मोकळ्या जागेत गाडी सुरू करून, ती तापण्यापूर्वीच, सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडले तर गळतीच्या जागी बुडबुडे येतात. चालत्या गाडीचा वेग कमी करताना फटफट असा आवाज येऊ लागला तर इंजिनाजवळील सांधा सैल असण्याची शक्यता असते. शेवटी थंड सायलेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे. चांगला पत्रा खणखणतो आणि कुजलेला पत्रा बद्द वाजतो. आत काही खुळखुळत असेल तर कप्पे सुटले आहेत असे समजावे.

यानंतर निर्णय व्यापारी बुद्धीने घ्यावा. दोष सांध्यात असेल तर नवीन पॅकिंग पुरते. एखादे छिद्र असून भोवतीचा पत्रा टणक असेल तर ठिगळ टिकते. मात्र बोट दाबताच पत्रा आत जात असेल तर त्यावर वेल्डिंग करणे म्हणजे बुडीत खात्यात पुन्हा उधारी देणे होय. वितळलेला धातू धरण्यास तेथे लोखंड उरलेलेच नसते. कुजका भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून मगच नवा तुकडा जोडावा, अन्यथा पूर्ण सायलेन्सर बदलावा.

भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचे गाव. त्यामुळे स्टीलचे ठिगळ लावण्याची कल्पना येथे सहज सुचते, आणि ती चुकीची नाही. पण २०२ आणि ३०४ यांतील फरक ग्राहकाला समजावणाऱ्या व्यापाऱ्याने येथेही तोच विवेक ठेवावा. खाऱ्या हवेत ३०४ अधिक टिकते. साधे लोखंड आणि स्टेनलेस स्टील जोडताना ३०९ जातीची वेल्डिंगची तार वापरावी लागते, नाहीतर सांधा ठिसूळ राहतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा मात्र कदापि वापरू नये, कारण वेल्डिंगच्या वेळी त्यातून निघणारा धूर कारागिराला आजारी पाडतो. वेल्डिंग शक्यतो सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच करावे. गाडीवरच करणे भाग पडले तर बॅटरीची जोडणी काढावी आणि पेट्रोलची टाकी दूर ठेवावी.

सायलेन्सर उतरवताना खरी परीक्षा असते ती संयमाची. इंजिनाच्या तोंडाशी असलेले नट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि गंजाने जाम झालेले असतात. त्यांवर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्रीच सोडावे. पाना लावल्यावर एकदम जोर न करता थोडे सैल, थोडे घट्ट असे मागे-पुढे फिरवीत नट काढावा. घाईत स्टड तुटला तर अॅल्युमिनियमच्या हेडमधून तो ड्रिलने काढावा लागतो आणि किरकोळ दुरुस्ती मोठ्या खर्चाची होते. जुने पॅकिंग पुन्हा वापरू नये. पूर्वीच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असे, म्हणून ते कोरडे घासू नये, ओले करूनच खरवडावे.

बसवताना सर्व नट प्रथम हातानेच लावावेत. मग इंजिनाजवळचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, नंतर मधली पट्टी आणि सर्वांत शेवटी मागचा आधार. हा क्रम उलटा केला तर सायलेन्सर ताणात बसतो आणि महिन्याभरात नवीन भेग पडते. स्टडवर उष्णता सोसणारे तांब्याचे ग्रीस लावले तर पुढच्या वेळी पाना सहज चालतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर गाडी थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. बाहेरून उष्णतारोधक अॅल्युमिनियम रंग द्यावा आणि चौक-उत्तनकडून परतल्यावर गाडी थंड झाली की गोड्या पाण्याने धुवावी.

आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत गंजाबरोबर तेलाची काजळीही साचते. ती वाट अडवते आणि गाडी ओढत नाही. पुष्कळजण तेव्हा आतील नळीच काढून टाकतात. पण टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट न जळलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ही रचना बिघडली की आवाज वाढतो आणि ताकद घटते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारे साधन असावे असे सांगतो. आवाज व धुराच्या मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमानुसार २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो. जुन्या गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी घ्यावे लागते आणि १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्या तपासणीत फुटका सायलेन्सर लपत नाही.

आणि दंड नसता तरी शेजाऱ्याची झोप असतेच. पहाटे दुकानाकडे निघालेल्या गाडीच्या फाटक्या आवाजाने वरच्या मजल्यावरचे आजारी वृद्ध दचकून उठतात, परीक्षेसाठी उठलेल्या मुलाचे ध्यान मोडते. ते कोणी हिशेबाच्या वहीत लिहीत नाही, पण तेही देणेच असते. वडिलांची गाडी जपायची असेल तर तिने ज्या शांतपणे घर चालवले, तो शांतपणाही तिच्यासोबत जपावा लागतो. एक पॅकिंग, दोन नट आणि एका दुपारचा संयम एवढ्यातच पुष्कळदा ते साधते.